एरंडेल, ओळंबा आणि ताणलेल्या तारा : पहिल्या लष्करी विमानांचे मेकॅनिक नेमके काय करत?

विमानतळावर ‘तांत्रिक कारणामुळे उड्डाणास विलंब होत आहे’ अशी घोषणा झाली की रांगेतल्या बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. काल रात्री नीट उतरलेल्या विमानात सकाळपर्यंत असे काय बिघडले, हा प्रश्न रास्तच आहे. आजच्या विमानापुरते त्याचे उत्तर क्लिष्ट आहे, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विमानापासून सुरुवात केली तर ते सहज उलगडते, कारण तेव्हाचे विमान उभ्या उभ्या बिघडत असे. रात्री दव पडले आणि सकाळी ऊन तापले, एवढेही त्याला पुरे होई. कारखान्यातून बाहेर पडले म्हणजे विमान तयार झाले, असे तेव्हा कोणी मानत नसे. ते रोज सकाळी नव्याने तयार करावे लागे, आणि ते करणारे लोक वैमानिक नव्हते.

या लेखासाठी उदाहरण घेतले आहे ते ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरचे. १९१२ मध्ये हे दल उभे राहिले, पहिल्या महायुद्धात वाढले आणि १ एप्रिल १९१८ रोजी नौदलाच्या हवाई शाखेसह रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाले. भारतीय हवाई दलाच्या कामाची घडी याच घराण्यातून आली आहे.

## लाकूड, कापड आणि तार

त्या काळच्या विमानाचा सांगाडा लाकडाचा असे. जिथे चिवटपणा हवा तिथे ॲश आणि जिथे वजन वाचवायचे तिथे स्प्रूस. पंखांच्या सांगाड्यावर लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड, शिवून चढवत आणि त्यावर डोपचे अनेक हात देत. डोप हे सेल्युलोजपासून केलेले रोगण; ते वाळताना कापड आकसते, तबल्याच्या पुडीसारखे ताठ होते आणि पाणी धरत नाही.

बहुतेक विमानांना एकावर एक असे दोन पंख असत. त्यांच्यामध्ये उभे खांब आणि खांबाखांबांमध्ये फुलीसारख्या ताणलेल्या पोलादी तारा. खांबांनी दाब सोसायचा आणि तारांनी ताण, अशी वाटणी होती. लग्नाच्या मांडवाचे बांबू स्वतःच्या बळावर उभे नसतात. चहूबाजूंना खुंट्यांशी ताणलेले दोर त्यांना जागेवर धरतात, तसेच हे. विमान हवेत असताना हवा पंखांना वर उचलते, तेव्हा फुलीतली एक तार भार घेते. जमिनीवर पंख स्वतःच्या वजनाने खाली ओढतात, तेव्हा दुसरी घेते. तारांचे जाळे इतके दाट असे की वैमानिकांत एक विनोदच रूढ होता: एकही तार कमी नाही याची खात्री करायची असेल तर पंखांच्या मध्ये एक पक्षी सोडावा आणि तो बाहेर पडला तर तारा मोजायला घ्याव्यात.

आता अडचण अशी की लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते आणि ऊन लागले की आकसते, हवा दमट झाली की कापडाचा ताण उतरतो आणि तार भार सोसून सोसून किंचित लांबते. ज्यांच्या घरी नवारीची बाज होती त्यांना हे सांगायला नको. विणताना टणक असलेली नवार काही महिन्यांत झोळीसारखी होते आणि मग एका कोपऱ्यापासून ओढत ओढत सगळीच पुन्हा ताणावी लागते. मधलाच एखादा पट्टा ओढून भागत नाही, उलट बाज वाकडी होते. विमानाचे दुखणे हेच होते. फक्त बाज वाकडी झाली तर पाठ दुखते.

## रिगर : गवंड्याची आणि सुताराची हत्यारे घेऊन

मेकॅनिकांत दोन मुख्य कसब होते. इंजिन पाहणारा तो फिटर आणि सांगाडा, तारा, कापड पाहणारा तो रिगर. शिडाच्या जहाजांवर दोरखंड ताणून शिडे उभी करणाऱ्याचे जे नाव होते, तेच इथे आले. सर्वसाधारणपणे एका विमानामागे एक फिटर आणि एक रिगर नेमलेला असे आणि ते विमान त्या दोघांचे मानले जाई. वैमानिक बदलत, मेकॅनिक बरेचदा तेच राहत.

रिगरची हत्यारे पाहिली तर गवंड्याची आणि सुताराची पिशवी एकत्र झाली आहे असे वाटते: ओळंबा, स्पिरिट लेव्हल, लाकडाची सरळ लांब पट्टी, कोनमापक आणि दोरी. आधी विमानाचे शेपूट घोडीवर टेकवून धड लेव्हलमध्ये आणायचे. मग वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबे सोडून खालचा पंख किती मागे आहे ते मोजायचे. पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती उंच आहे, म्हणजे पंख हवेला किती तिरपा भिडणार आहे, हे पट्टीवर लेव्हल ठेवून पाहायचे. डावा आणि उजवा पंख टोकांकडे सारखेच वर उचललेले आहेत ना, हे दोरी ताणून ठरवायचे. प्रत्येक जातीच्या विमानाची ही मापे ठरलेली असत.

माप चुकले की टर्नबकल फिरवायचे. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना एकमेकांच्या उलट दिशेचे आटे असलेली छोटी नळी; कपडे वाळत घालायची तार ताणायला अनेकांनी गच्चीवर ती लावलेली असते. एकीकडे फिरवली की तार घट्ट होते, दुसरीकडे फिरवली की सैल. ऐकायला सोपे आहे, पण फुलीतली एक तार घट्ट करायची तर तिच्या जोडीची आधी सैल करावी लागते, नाहीतर मधला खांब धनुष्यासारखा वाकतो; आणि एका खणातली तार हलवली की शेजारच्या खणाचे माप बदलते, म्हणजे तिथे पुन्हा ओळंबा सोडणे आले. सायकलच्या दुकानात चाकाची आऊट काढणाऱ्या कारागिराला पाहिले असेल, तर तो एकच तार पिळून कधी थांबत नाही हे लक्षात आले असेल. चाक फिरवून पाहतो, समोरची तार सोडतो, पुन्हा फिरवतो. रिगरची सकाळ अशीच जाई, आणि त्याच्या चाकाला चार पंख होते.

यात एक गंमत अशी की नीट लावलेले विमान मुद्दाम थोडे वाकडे असे. इंजिन प्रोपेलरला, म्हणजे पुढच्या पंख्याला, एका दिशेला फिरवते तेव्हा विमान उलट्या दिशेला कलू पाहते. सतत नियंत्रणाची कांडी एका बाजूला दाबून धरण्याचा त्रास वैमानिकाला होऊ नये म्हणून एका बाजूच्या पंखाचे टोक किंचित जास्त तिरपे ठेवत. किती तिरपे, याचा अंदाज शेवटी उड्डाणानंतरच येई. वैमानिक उतरून ‘डावीकडे ओढते आहे’ म्हणाला की रिगर पुन्हा पट्टी आणि लेव्हल घेऊन शिडीवर चढे.

## एका कडीची गोष्ट

हे इतके काटेकोर असण्याची खरेच गरज होती का, अशी शंका येऊ शकते. १० सप्टेंबर १९१२ रोजी ऑक्सफर्डजवळ वोल्व्हरकोट येथे ब्रिस्टॉल कंपनीचे एकपंखी विमान कोसळले आणि हॉचकिस व बेटिंग्टन हे दोन लेफ्टनंट मरण पावले. विमान चटकन सुटे करता यावे म्हणून त्यावर झटपट उघडणाऱ्या कड्या होत्या. चौकशीत निघाले ते असे की त्यांतली एक उड्डाणात आपोआप उघडली, तिने धरलेली तार सुटली, त्या तारेच्या फटक्याने पंखाला भोक पडले आणि मग वाऱ्याने कापड फाडत नेले. त्याच महिन्यात दुसऱ्याही एका एकपंखी विमानाचा जीवघेणा अपघात झाला होता, त्यामुळे रॉयल फ्लाइंग कोअरच्या लष्करी शाखेने काही काळ एकपंखी विमाने उडवणेच बंद केले. मला यातली विचार करण्याजोगी गोष्ट ही वाटते की ती कडी तुटली नव्हती. ती फक्त उघडली होती.

## फिटर : जे इंजिन स्वतःच गरगर फिरते

आपल्या मोटारसायकलच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतो आणि आतला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा वाकडा दांडा, फिरतो. त्या काळी लोकप्रिय असलेल्या रोटरी इंजिनात याच्या नेमके उलटे होते. क्रँक विमानाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला, आणि सात किंवा नऊ सिलिंडरांचे सगळे चक्र प्रोपेलरसकट त्याच्याभोवती मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे घेणारे. हे विचित्र वाटत असेल तर मान वर करून छताचा पंखा पाहावा: त्याचा मधला दांडा स्थिर असतो आणि मोटारीचे बाहेरचे आवरण पात्यांसह फिरते. असे करण्याचे कारण वजन. फिरणाऱ्या सिलिंडरांना आपसूक वारा लागतो, म्हणून पाणी आणि रेडिएटर लागत नाहीत.

या हलकेपणाची किंमत फिटर मोजत असे. फ्रान्सच्या नोम कंपनीच्या इंजिनाचे सिलिंडर पोलादाच्या भरीव ठोकळ्यातून कातून काढत आणि त्यांची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर जाड ठेवत. युद्धाच्या सुरुवातीला वापरात असलेल्या प्रकारात मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह चक्क पिस्टनच्या माथ्यात बसवलेला होता, म्हणजे तो पाहायचा तर सिलिंडरच्या आत हात घालणे आले. पिस्टनभोवती पितळेची एक पातळ कडी असे. ती तडकली की तप्त वायू निसटत आणि सिलिंडर भाजून निघे. अशी इंजिने पंधरा-वीस तासांच्या उड्डाणानंतर पूर्ण खोलून, घासून, पुन्हा जुळवावी लागत. आजच्या मोटारीच्या मालकाला सर्व्हिसिंगसाठी दर आठवड्याला इंजिनाचा नट न् नट सुटा करावा लागला तर काय होईल, याची कल्पना करावी.

## एरंडेलच का?

रोटरी इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पोकळ क्रँकमधून इंजिनाच्या पोटात येते आणि तिथून सिलिंडरांत जाते. त्यामुळे पेट्रोल सगळ्या फिरत्या भागांना लागते. साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळते. गॅरेजमध्ये काळे झालेले हात पेट्रोलने धुतात ते याच गुणामुळे. असे तेल या इंजिनात घातले तर पेट्रोल ते धुऊन नेईल आणि पोलाद पोलादावर घासले जाईल. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही आणि तापल्यावरही आपला बुळबुळीतपणा टिकवते, म्हणून त्याची निवड झाली. त्या काळी जगाला लागणारे एरंडाचे बी मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जाई आणि मुंबई हे त्याच्या निर्यातीचे एक मोठे बंदर होते.

इंजिनात गेलेले तेल परत टाकीत येत नसे; सिलिंडरांच्या फिरण्याने ते बाहेर फेकले जाई. तासाला काही लिटर एरंडेल असे विमानभर, आणि वैमानिकाच्या तोंडावरही उडे. पोटात गेलेले एरंडेल काय करते हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. मेकॅनिकाच्या वाट्याला मात्र त्याची साफसफाई येई. उतरलेल्या विमानाच्या पोटावर एरंडेल, धूळ आणि जळका धूर यांचा चिकट थर बसलेला असे आणि तो पुसणे हे पहिले काम. फिटर आणि रिगर चिंध्या घेऊन कडेकडेने सरकत जात, आणि पुसता पुसताच बोटांना कळे की इथे शिवण उसवली आहे, इथे लाकडाला चीर गेली आहे, इथे गोळीचे भोक आहे. भोकाला कापडाचे ठिगळ आणि वर डोप. पण गोळी कापडातून आत जाऊन कशाला लागली हे पाहिल्याशिवाय ठिगळ लावणारा रिगर कामाचा नव्हे. पुसणे हीच तपासणी होती.

## ‘काँटॅक्ट!’

इंजिन सुरू करायला स्टार्टर नव्हता. प्रोपेलर हाताने फिरवावा लागे. मेकॅनिक ओरडे, ‘स्विच ऑफ, पेट्रोल ऑन, सक इन’; वैमानिक तेच शब्द परत म्हणे. मग मेकॅनिक प्रोपेलर काही वेळा फिरवून सिलिंडरांत मिश्रण ओढून घेई. नंतर ‘काँटॅक्ट!’, म्हणजे स्विच चालू, वैमानिकाकडून पुन्हा ‘काँटॅक्ट!’, आणि एक जोरदार झटका देऊन मेकॅनिक मागे सरे. चाकांपुढचे लाकडी ठोकळे ओढून घेईपर्यंत बाकीचे शेपूट आणि पंख धरून विमान रोखून ठेवत.

प्रत्येक शब्द दोनदा म्हणण्यात लष्करी थाट नव्हता. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्याचा स्विच ती वीज इंजिनाच्या धातूच्या अंगाकडे वळवून मॅग्नेटोला गप्प करतो. घरातल्या बटणाची तार तुटली तर दिवा लागत नाही. मॅग्नेटोच्या बटणाची तार तुटली तर इंजिन बंद होत नाही. म्हणजे बटण ‘ऑफ’ दाखवत असतानाही मेकॅनिकाच्या हातातला प्रोपेलर जिवंत असू शकतो. १९१३ मध्ये फार्नबरो येथे नव्याने आलेल्या जेम्स मॅककडन या तरुण मेकॅनिकाने कॉड्रॉन विमानाचा प्रोपेलर फिरवला आणि इंजिन अचानक चालू होऊन विमान मोकळे सुटले, ते दुसऱ्या विमानावर जाऊन आदळले. त्याला काही दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. या मॅककडनची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

## एवढ्या साध्या यंत्राला इतकी माणसे कशाला?

ऑगस्ट १९१४ मध्ये हे दल फ्रान्सला गेले तेव्हा त्याच्याकडे ६३ विमाने होती, १०५ अधिकारी होते आणि इतर हुद्द्यांचे ७५५ लोक. विमानामागे जवळपास बारा माणसे. युद्ध संपताना रॉयल एअर फोर्समध्ये २७ हजारांवर अधिकारी आणि अडीच लाखांहून जास्त इतर लोक होते.

याचे कारण असे की विमानाबरोबर त्याचे गावच्या गाव हलवावे लागे. लोहार, सुतार, तांबट, शिडे शिवणारे, विजेचे जाणकार, लॉरीचालक, आणि लेथ बसवलेली फिरती कार्यशाळा. भरतीच्या वेळी उमेदवाराला आपले कसब करून दाखवावे लागे, आणि त्याचा मोबदलाही मिळे: पायदळातल्या साध्या शिपायाला दिवसाला एक शिलिंग मिळत असताना दुसऱ्या श्रेणीच्या एअर मेकॅनिकला दोन आणि पहिल्या श्रेणीच्याला चार शिलिंग मिळत. सुरुवातीला लष्कराकडे पुरेशा गाड्या नव्हत्या, म्हणून व्यापाऱ्यांच्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांतली एक भडक लाल होती आणि तिच्यावर एका सॉसची जाहिरात सोनेरी अक्षरांत तशीच होती. माघारीच्या धांदलीत आपला ताफा कुठे आहे हे वैमानिकांना आकाशातून त्या लाल गाडीवरूनच ओळखता येई.

पुढे यंत्रेही वाढली. फिरत्या प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडणाऱ्या बंदुका १९१५ पासून आल्या. पाते नळीसमोर असताना गोळी सुटू नये यासाठी इंजिनाशी जोडलेली जी यंत्रणा होती, तिची जुळणी किंचित चुकली तर वैमानिक स्वतःचाच प्रोपेलर फोडे. पट्ट्यातली गोळी न् गोळी तपासून भरणारे शस्त्र-कारागीर असे मेकॅनिकांत सामील झाले.

## मग वैमानिकांनी स्वतःच का नाही शिकायचे?

काहींनी शिकून घेतले, आणि काही शिकलेलेच होते. मॅककडन १९१४ मध्ये फ्रान्सला गेला तो तिसऱ्या स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तिसऱ्या तुकडीचा, मेकॅनिक म्हणून. पुढे तो वैमानिक झाला, ५७ हवाई विजय त्याच्या नावावर जमा झाले आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. आपल्या एसई-५ए विमानाच्या इंजिनात त्याने जास्त दाब देणारे पिस्टन बसवून घेतले आणि इतरांना पोहोचता न येणाऱ्या उंचीवर तो शत्रूच्या टेहळणी विमानांना गाठू लागला. ९ जुलै १९१८ रोजी, उड्डाण करताच विमान कोसळून, तो मरण पावला.

पण तो अपवाद होता. बहुतेक वैमानिक काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर आघाडीला येत आणि दिवसातून दोनदा-तीनदा उडून थकलेले असत. पहाटेच्या गस्तीसाठी विमान तयार हवे तर रात्री कंदिलाच्या उजेडात ते दुसऱ्याच कोणी तरी जुळवलेले असायला हवे. अधिकारी आणि शिपाई यांच्यातली दरीही होतीच: सही अधिकाऱ्याची, काळे हात शिपायाचे.

## जमिनीवरचे काम सुरक्षित होते का?

हवेतल्यापेक्षा सुरक्षित, एवढेच म्हणता येईल. सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या सापोने येथे वादळ झाले तेव्हा उघड्यावर बांधलेली विमाने उलटीपालटी झाली आणि मेकॅनिक रात्रभर पावसात पंखांना लोंबकळून त्यांना धरत होते. १२ मार्च १९१५ रोजी फ्रान्समधल्याच ‘शोक’ नावाच्या गावी तिसऱ्या स्क्वाड्रनच्या विमानावर बाँब चढवताना स्फोट झाला. एक कॅप्टन आणि त्याच्याभोवती काम करणारे बरेच मेकॅनिक जागीच गेले. डोप सहज पेट घेई, आणि त्याच्या एका प्रकारातल्या द्रावकाच्या वाफेने कारखान्यांत काम करणाऱ्यांना, त्यात स्त्रियाही होत्या, विषारी कावीळ होऊन मृत्यू आले. तो प्रकार ब्रिटनमध्ये युद्धाच्या काळातच बाद करावा लागला.

## यातले आपल्याकडे काय आले?

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतल्या ड्रिग रोड येथे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले तेव्हा त्याच्याकडे वापिटी जातीची चार दुपंखी विमाने होती, आणि त्यांचे फिटर व रिगर होते ते हवाई सिपाही म्हणून भरती झालेले हिंदी तरुण. त्यांतले हरजिंदर सिंग अभियांत्रिकी शिकलेले असूनही सिपाही म्हणून दाखल झाले होते. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि दलाच्या अनुरक्षण विभागाचे प्रमुखही. त्या विभागाचे, म्हणजे मेंटेनन्स कमांडचे, मुख्यालय आज नागपुरात आहे आणि नाशिकजवळ ओझरला त्याचा एक मोठा दुरुस्ती डेपो आहे.

लाकूड, लिनन आणि एरंडेल केव्हाच गेले. ‘तांत्रिक कारणा’साठी थांबलेल्या विमानाच्या इंजिनाचे झाकण उघडले तर मात्र जुन्या रिगरला ओळखता येईल अशी एक गोष्ट तिथे दिसेल. महत्त्वाच्या बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोके असतात आणि त्यांतून एक पातळ तार ओवून, पीळ देऊन, शेजारच्या बोल्टाला बांधलेली असते. ती कोणत्या बाजूने ओढायची याचा नियम आहे: बोल्ट सैल होऊ लागला की तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच खेचले पाहिजे. तार उलट्या बाजूने बांधली असेल तर तपासनीस ती कापून टाकतो आणि मेकॅनिक नवी तार ओवायला घेतो. रांगेतल्या प्रवाशाला तेवढा वेळ थांबावे लागते.